दांड्यामागची खिट्टी

महाड,
शुक्रवार, ता. ८ ऑक्टोबर १९९९

महादूभाऊ,

सलाम आणि जयभीम. इकडे सगळे ठीक. तुझ्या भाभीचे, रहिमाचे गुडघे पावसाने धरलेत, म्हणून परवा तिला सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर नेऊन आणलं. तिने सोनाबाईला सलाम सांगितलाय आणि तुमच्याकडच्या काकड्या संपल्या असंही सांगितलंय. आता ही बातमी आहे की मागणं, ते तूच समज.

हे पत्र राजेंद्रच्या हाती देतोय. उद्या शनिवार, तो पोलादपूरला घरी येईल आणि तुला वाचून दाखवील. तुझ्याच पोराने वाचायचं आहे हे माहीत असून लिहितोय, म्हणून आधीचे दोन कागद फाडून चुलीत घातले. दोनदा पोलादपूरच्या एस्टीत बसून आलोही होतो. स्टँडवर चहा प्यायलो आणि त्याच गाडीने परत फिरलो. तुझ्या वाडीकडे पाय वळलेच नाहीत.

आधी करवतीचं सांगतो. अब्बांनी मुंबईच्या गोदीतून लिलावात आणलेली ती विलायती गोल करवत. तू सोडलीस तेव्हापासून वखारीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होती. दर पावसाळ्यात पुराचं पाणी तिच्यावरून जायचं. भंगारवाला तीनदा येऊन गेला, मी दिली नाही. ठेवूनही घेतली असं नाही, तिच्याकडे पाठ करून बसायचो एवढंच. आमचा पोरगा इम्रान कतार सोडून आला, त्याच्या डोक्यात फर्निचरचा कारखाना. त्यानेच राजेंद्रला बोलावलं. मी नको म्हणालो. का नको विचारलं, तर हिशेबाची वही उघडून बसलो.

पोरगा तुझा सोनं आहे रे. आयटीआय केलेली पोरं पुष्कळ पाहिली, पण ह्याचे हात वेगळे. दोन महिने त्याने त्या लोखंडाची सेवा केली. सगळे भाग सुटे करून रॉकेलात बुडवले. शाफ्टभोवतीचा पुराचा गाळ काढला तर घमेलंभर निघाला. बेअरिंगं मुंबईहून मागवली. वरचा बिडाचा पाटा पॉलिश पेपरने घासून असा केला की रहिमा म्हणाली, ह्यात तोंड बघून पदर सारखा करावा. पात्याच्या एकेका दाताला कानशीने धार काढली. जेवायला हाक मारली तर म्हणतो, "चाचा, एवढा दात होऊ दे." आणि कितीही काम असो, साडेआठला झोपतो. इम्रान त्याला कोंबडी म्हणतो. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "बाबांनी शपथ घातलीय. झोप नाय झाली तर मशीनला हात लावायचा नाय. बाबांचं तसंच झालं ना."

त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

मंगळवारी करवत पहिल्यांदा फिरवून बघितली. लाकूड न घालता, नुसती. आवाज अगदी तोच, महादू. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, नमाजाची वेळ झाली म्हणून सांगितलं, वेळ झाली नव्हती. परत आलो तर राजेंद्रने दांडा ओढून करवत बंद केलेली. तुला ठाऊकच आहे, मोटर एकच, तिच्यावर रंधाही चालतो. दांडा ओढला की पट्टा मोकळ्या चाकावर सरकतो, करवत थांबते, पण मोटर फिरतच राहते. पोरगा खाली वाकून पात्याखालचा भुसा हाताने काढत होता. तू काढायचास तसाच.

आणि मी पट्टा बघितला. तो सरकत होता. हळूहळू, बोटभर, मग दोन बोटं, परत कामाच्या चाकाकडे. मी ओरडलो काय, धावलो काय, भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं तेव्हा पातं नुसतं थरथरलं होतं. राजेंद्र हात काढून हसला. "चाचा, केवढ्यानं घाबरलात!" मी फळ्यांवर बसलो.

मग त्याने दांड्याच्या मागे, भिंतीच्या बाजूला, बोट घालून बघितलं. म्हणाला, "इथं कायतरी बसत होतं. भोक हाय, घासल्याची खूण हाय. काय होतं चाचा?"

मी म्हणालो, "मला नाय ठाऊक. जुनं भोक असेल."

म्हणजे पंधरा वर्षांनी पुन्हा खोटं बोललो, आणि ह्या वेळी त्याच्या तोंडावर. सोमवारी पहिलं सागवान लावायचं ठरलंय. त्या भोकात काही न बसवता करवत चालू झाली तर कधी ना कधी पट्टा सरकणारच, आणि खाली तुझ्या लेकाचा हात असणार. रोज सकाळी तो वखारीत शिरला की मी त्याची बोटं मोजतो. नुसतं "तिथे खिट्टी बसव" एवढंच म्हणालो असतो तरी चाललं असतं, तेवढी अक्कल मला आहे. पण तो लगेच विचारणार, जुनी कुठे गेली? बाबांच्या वेळी होती का? आणि मग मी काय सांगू? ह्या भीतीपायी चार दिवस गप्प बसलो. माणूस किती हलका असतो बघ, पोराच्या हातापेक्षा मला माझं तोंड प्यारं झालं.

रहिमाला काल सगळं सांगितलं. तिने चुलीवरचा तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "सोमवारच्या आधी त्या दोघांना कळलं नाय, तर मी स्वतः जाऊन सांगेन."

राजेंद्र, आता थांबू नकोस. मोठ्याने वाच.

महादू, त्या साली दसऱ्याला तुमच्या वाडीत भीमगीतांचा कार्यक्रम होता, तू सुट्टी घेतलीस. वखारीत गणू आणि धोंडूने मशिनी धुतल्या, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आमच्याकडे अब्बांपासूनची रीत, दसऱ्याला वखार कामगारांची, आम्ही फक्त पेढे आणायचे. गणूला करवतीच्या दांड्याला झेंडूचा हार घालायचा होता. मागची खिट्टी आड येत होती. दांडा बंद केला की आपोआप पडून त्याला अडकवून धरायची ती लोखंडी खिट्टी. गणू म्हणाला, "शेठ, हार बसंना." मी मोठ्या तोऱ्यात पुढे झालो, खिट्टी काढली, फडक्याने पुसली आणि जाकिटाच्या खिशात टाकली. तू असतास तर माझ्या हातातून हिसकावून घेतली असतीस. पण तू नव्हतास.

दुसऱ्या दिवशी हार काढला. खिट्टी कोणाच्याच लक्षात नाही. ती भिंतीच्या बाजूला, तुझ्या उभ्या जागेवरून दिसायची नाही, आणि मोटरच्या आवाजात ती पडल्याचं ऐकूही यायचं नाही. तू पहिल्या गाडीने आलास, रात्रभर गायन पार्टीत गायला होतास, डोळे लाल होते. दहाच्या सुमाराला तू भुसा काढायला वाकलास.

दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. तोंड पुसायला त्याच जाकिटातून रुमाल काढायला गेलो, तर हाताला खिट्टी लागली. तेव्हाच सांगायला हवं होतं. डॉक्टर बाहेर आले, कसं झालं म्हणाले, आणि मी म्हणालो, "जागरण करून आला होता. डुलकी लागली, दांडा बंद करायला विसरला." सगळ्यात आधी हे मीच म्हणालो. नंतर गावभर झालं. नंतर तूही म्हणायला लागलास. संध्याकाळी पुलावर जाऊन खिट्टी सावित्री नदीत टाकली.

तुझी चार बोटं गेली ह्याची मला लाज आहेच. पण सोनाबाईने मागे बाजारात सांगितलं की तू त्या दिवसापासून गायला बसला नाहीस, पोरांनाही कार्यक्रमाला जाऊ देत नाहीस, गाण्यापायी हात गेला म्हणतोस. ते ऐकलं तेव्हापासून मी तुला भितो. रस्त्यात पोलादपूरचा कोणी दिसला तरी भितो.

राजेंद्र, खिट्टी बोटभर लांबीची, खालचं टोक वाकडं, वर छोटा जड गोळा. सोमवारी ती बनवून बसवल्याशिवाय करवत चालू करायची नाही, मग ती तू बनव नाहीतर दुसरा कोणी. तू परत आलास तर ये. नाही आलास तर का, ते इम्रानला मी सांगेन. हातात फळी घेऊन आलास तरी मी वखारीच्या दारातच असेन.

महादू, एक राहिलं. मी तेव्हा तुझ्या समोरच उभा होतो, सागाच्या ओंडक्यांवर खडूने खुणा करत. तू दांडा बंद केला होतास. नीट, शेवटपर्यंत ओढून. पातं थांबेपर्यंत थांबलास आणि मग वाकलास. तुला झोप लागली नव्हती. मी बघितलं होतं.

ज्याने हे बघून पंधरा वर्षं तोंड मिटलं, तो
जुल्फिकार