वायपर लागले की दिवे

मंगळवार, ३ मार्च. संध्याकाळ.
नातीच्या, जोलीनच्या, जुन्या गणिताच्या वहीत लिहितेय. पुढची पानं तिची, मागची माझी. आज माझ्यावर मोठा अन्याय झाला.

हार्लन न्हाव्याची अंत्ययात्रा होती. फार देखणी. एकामागे एक गाड्या, सगळ्यांचे दिवे लावलेले. दिवे लावलेल्या रांगेला लाल सिग्नल लागू नसतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. नंतरच्या जेवणाला नेत होते ती सीटवरची भरल्या अंड्यांची ताटली घसरायला लागली म्हणून मी मध्येच जरा थांबले. थांबलेच आहे तर कोबीची रोपं आलीत का तेही बघून घेतलं. मग दिवे लावून लाल सिग्नलमधून डौलात निघाले, तर गावच्या पोलिसानं, डेप्युटी हॅस्केलनं, अडवलं. ह्या हॅस्केलला मी चर्चच्या पाळणाघरात मांडीवर झोपवलाय! म्हणाला, मिस आल्टा, रांग जाऊन वीस मिनिटं झाली. म्हटलं, अरे, शेवटची गाडी कुणाची तरी असणारच ना? दंडाचं तिकीट फाडलं मेल्यानं. वर दोन अंडीही खाल्ली.

बुधवार, ४ मार्च.
लामार आला, माझा मुलगा. लायसन्सवर गेल्या वर्षीचे, शाळेच्या बसचे, दंडाचे पॉइंट आधीच आहेत म्हणाला. (मुलं उतरायला बस थांबली की बाकीच्या गाड्यांनीही थांबायचं असतं. ती थांबली होती खरी. पण तिच्या ड्रायव्हरनं हात केला, मला वाटलं पुढे जा म्हणतोय.) आता ह्या तिकिटाचे पॉइंट चढले की लायसन्स गेलं, आणि माझ्या ब्यूक गाडीची चावी त्याच्या खिशात. सुटका एकच. दिवसभराचा सुधारणा-वर्ग करायचा आणि २७ तारखेला सकाळी नऊला जज्जापुढे सर्टिफिकेट ठेवायचं. मग एकही पॉइंट नाही.

एक्कावन्न वर्षं गाडी चालवतेय. मला काय सुधारणार? पण जाईन. तिथल्या पोरांना चांगलं काहीतरी बघायला मिळेल.

माझ्या मैत्रिणीला, युला मे हिला, फोन केला. दर रविवारी मीच तिला चर्चला नेते. ती इतकी हसली की कवळी निघाली, असं तीच म्हणाली.

शनिवार, १४ मार्च. सकाळी ११.
वर्ग अग्निशमन केंद्रात आहे. नऊ पोरं आणि मी. घरची पावासारखी मऊ बिस्किटं नेली होती, आत हॅम घालून, तेव्हापासून सगळी मला ग्रॅनी म्हणतायत. मास्तर मिस्टर पेटिग्रू, लांब उत्तरेकडचे, ओहायोचे. त्यांना बिचाऱ्यांना इथलं काही माहीत नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा म्हणाले. मी विचारलं, मग समोरच्याला हात कुठल्या हातानं करायचा? ते म्हणाले, करायचाच नाही. नऊही पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी समजावून सांगितलं, की समोरून येणाऱ्याला हात केला नाही तर लोक घरी येऊन विचारतात, बाई, आमचं काही चुकलं का? त्यांनी फळा पुसला.

दुपारी ३.
अपघातांचा पिक्चर दाखवला. मी डोळे मिटून नीट विचार केला. शेजारची मुलगी म्हणते ग्रॅनी घोरत होत्या. हल्लीच्या मुलींचे कान!

मग प्रश्न आला: चौरस्त्यावर चारी बाजूंनी गाड्या आल्या तर आधी कोण जाणार? मी लिहिलं, आधी पास्टर, मग वयानं मोठं माणूस, मग ज्याच्या गाडीत आइस्क्रीम वितळतंय तो. चूक दिली. मास्तर नवीन आहेत.

एक गोष्ट मात्र नवी कळली. वायपर लागले की दिवे लावायचे. भर दिवसा! कायदाच आहे म्हणे. मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. वायपर लागले की दिवे.

संध्याकाळ.
पास! ऐंशी मार्क लागतात, ऐंशी मिळाले. एकही जास्तीचा वाया घालवला नाही. मास्तरांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. म्हणाले, मिस आल्टा, प्लीज, सांभाळून. त्यांचे डोळे भरून आले होते. असा विद्यार्थी रोज कुठला मिळायला!

सोमवार, १६ मार्च.
सर्टिफिकेट फ्रिजवर लावलंय. पोस्टमनला आत बोलावून दाखवलं. युला मे म्हणाली, ह्यावर तुझं नाव आहे, पण फोटो का नाही? जळते.

शुक्रवार, २७ मार्च. सकाळी ७.
आज कोर्ट. पाऊस आहे. नवाला पोचायचं, मी पावणेनऊलाच तिथे असणार. निळा ड्रेस. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत. वायपर लावले की दिवे, विसरायचं नाही. परत येताना युला मेकडे जाऊन चावी नाचवून दाखवणार.

दुपारी २.
नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी उलटसुलट बोलायला नको.

गिरणीच्या पुलापाशी समोरून गाड्यांची रांग आली. सगळ्यांचे दिवे लावलेले. अंत्ययात्रा समोर आली की थांबायचं, ही आमची रीत. कुणी का असेना, माणूस गेलंय. मी थांबले, इंजिन बंद केलं, मान खाली घातली. गाड्या संपेचनात! चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. एवढं मोठं कोण गेलं म्हणून मला रडूच फुटलं. रस्ता अरुंद. माझ्या मागचे लोक घरंदाज, तेही थांबले. लाकडाच्या ट्रकवाल्यानं तर टोपी काढली. तासभर सगळे तसेच.

मग हॅस्केल भिजत आला. मी काच खाली करून डोळे पुसत विचारलं, कोण गेलं रे? त्यानं टोपीवरचं पाणी झटकलं. मग म्हणाला, मिस आल्टा, कुणी गेलं नाही. पाऊस पडतोय.

कोर्टात दहा वाजता पोचले. माझं नाव नऊलाच पुकारलं होतं. कुणी हजर नाही म्हणून निकाल देऊन जज्ज दुसऱ्या गावी निघूनही गेले. कारकून बाईंना सर्टिफिकेट दाखवलं. छान आहे म्हणाल्या. पॉइंट चढले होते.

रविवार, २९ मार्च.
ब्यूक सध्या लामारला चालवायला दिलीय. सराव होईल त्याला. मी शेजारी, युला मे मागे, तोंडावर रुमाल धरून. मला वाटतं हसत होती.

वाटेत सगळ्यांनी हात केला, नेहमीसारखाच. पण लामारला. ड्रायव्हरलाच करतात ना. आणि त्यानं एकालाही परत केला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. अगदी वर्गात सांगतात तसे.