साडूंनी कोपर टेकल्याशिवाय न पिळणाऱ्या वॉशिंग मशीनबाबत

प्रति,
मा. सेवा व्यवस्थापक साहेब,
तक्रार विभाग,
घरगुती यंत्रे विक्री व दुरुस्ती केंद्र

विषय : वॉशिंग मशीन कपडे नीट पिळत नसल्याबाबत, आणि अर्जदाराचे साडू आले की नीट पिळत असल्याबाबत.

संदर्भ : आपल्या तंत्रज्ञाने "मशीनमध्ये दोष नाही" असे सांगून बंद केलेली माझी तक्रार.

महोदय,

आपला वेळ घेतो आहे, कारण घरात माझं आता कोणी ऐकून घेत नाही.

१. सदर मशीन कपडे धुतं चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पिळायची वेळ आली की ड्रम जरा वेग घेतो, मशीन थडथडा उडतं, ड्रम मंदावतो, पुन्हा जोर करून बघतो आणि शेवटी हात टेकतो. दार उघडलं की टॉवेल असा निघतो, जसा काही पोहून आलाय. बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी खालच्या शिंपीकाकांच्या दारात ठिबकतात, आणि ते मान वर करून जे बोलतात ते सरकारी काय, खासगी अर्जातही लिहिण्यासारखं नाही.

२. अर्जदाराने पुस्तिका वाचून सर्व उपाय स्वतः केले. फिल्टर उघडला. त्यात दोन बटणं, एक हेअरपिन आणि कपाटाची किल्ली निघाली. ही किल्ली मीच हरवली म्हणून मी वर्षभर बोलणी खाल्ली होती. माफी कोणी मागितली नाही, असो. पाण्याचा पाइप मुरगळला होता, तो सरळ केला. जड चादर एकटी टाकू नये असं लिहिलंय म्हणून तिच्या जोडीला हलके कपडे टाकले. तरी मशीन थडथडा. आमची सौ. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "अहो, राहू द्या आता. निदान धुतंय तेवढं तरी धुऊ दे."

३. अशात साडू आले. (साडू म्हणजे सौ.च्या थोरल्या बहिणीचे यजमान. आपणांसही साडू असतील तर जास्त सांगायला नको.) साडूंचा देह भरभक्कम असून गप्पा मारताना कशावर तरी रेलायची त्यांना सवय आहे. त्यांनी मशीनच्या पुढच्या कोपऱ्यावर कोपर टेकलं, "काय साडूभाऊ, त्रास देतंय का?" असं विचारलं, आणि ऑफिसची लिफ्ट बंद पडली तेव्हा आपण सगळ्यांना कसा धीर दिला ती गोष्ट काढली. त्या लिफ्टमध्ये अडकली नसतील एवढी माणसं आजवर या गोष्टीत अडकली आहेत. गोष्ट संपेपर्यंत मशीन सुसाट फिरलं. टॉवेल कोरडा निघाला. सौ. म्हणाली, "भावोजींच्या हाताला गुणच आहे!"

४. तेव्हापासून आमच्या घरी कपडे मळले म्हणून धुतले जात नाहीत, भावोजींना सवड आहे म्हणून धुतले जातात. त्यांना माझी खुर्ची मिळते. चहा मोठ्या कपातून मिळतो. तो कप आपल्या घरात आहे हे मला तेव्हाच कळलं. लिफ्टची गोष्ट प्रत्येक वेळी पहिल्यापासून होते आणि सौ. प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसल्याचं मला तरी आठवत नाही. हा मुद्दा मशीनचा नाही, पण नोंद व्हावी.

५. आपला तंत्रज्ञ आला तेव्हाही साडू कोपर टेकून हजर होते. मशीन अर्थातच फिरलं. तंत्रज्ञ म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे, काका. साहेबांनी हात लावला ना, मग झालं." वास्तविक साडू माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. तरी मी काका आणि ते साहेब. हे आपल्या केंद्राच्या कोणत्या नियमात बसतं, ते कळवावं.

६. मग अर्जदार स्वतः मशीनवर बसला. माझी अंगकाठी बेताची. मशीनने मला घेऊन वायर पुरेल तिथपर्यंत, म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत, प्रवास केला. नेमकी तेव्हाच सौ. मेहुणीशी व्हिडिओवर बोलत होती. मेहुणी म्हणाली, "अगं, यांनाही धुवायला काढलंस की काय?"
मी उतरलो आणि त्याच कोपऱ्यावर गव्हाचा भरलेला डबा ठेवला. मशीन फिरलं! वाकून, टॉर्च मारून पाहिलं, तर पुढचा उजवा पाय फरशीला टेकतच नव्हता. म्हणजे साहेब, गुण हातात नव्हता, वजनात होता. हे मी सौ.ला डब्यासकट दाखवलं. ती म्हणाली, "काल भावोजींचा हात लागलाय ना, त्याचाच असर असेल."

७. आता साडूंच्या घराला रंग द्यायचा आहे. तोवर त्यांनी रविवारपासून आमच्याकडे राहावं असं ठरलं आहे. माझं टेबल मागच्या खोलीतून व्हरांड्यात आलं. "कपड्यांचीही कायमची सोय होईल," असं सौ. म्हणाली. त्यातला 'कायमची' हा शब्द आपण कृपया अधोरेखित करावा. सबब रविवारपूर्वी तंत्रज्ञ पाठवून सदर पाय टेकवून मिळावा, ही विनंती.

८. वरील मजकूर लिहून झाला आणि सौ. बहिणीला सामान बांधू लागायला गेली. मला राहवलं नाही. पाना घेतला, पालथा पडलो, पाय फिरवून फरशीला टेकवला, वरचा नट आवळला. मशीनवर पाण्याचा पेला ठेवून पातळी चारी बाजूंनी पाहिली. मग घरातल्या सगळ्या चादरी आणि टॉवेल लावले. साहेब, मशीन असं फिरलं की शेजारच्या खोलीत कळलं नसतं! सौ. आली. टॉवेल हातात घेतला, गालाला लावून पाहिला. मी पाना दिसेल असा धरून उभा होतो. तिने फोन उचलला आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही नुसतं येणार म्हटलंत तर मशीन सुधारलं बघा!"

९. तरी मूळ विनंती बदलून अर्ज करतो की, तंत्रज्ञ पाठवावाच, मात्र त्याने काहीही दुरुस्त करू नये. फी पूर्ण घ्यावी. त्याने फक्त वाकून तो पाय पाहावा आणि सौ. व साडू दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावं, "हे काम कोणी केलं हो? झकास केलंय." पुढचं मी बघून घेईन.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
मशीनचा खरा मालक

दिनांक : साडू यायच्या आदला दिवस

ता. क. : शक्य असल्यास तंत्रज्ञ सडपातळ पाठवावा.