बोगदा दिल्लीचा, पाणी मुंबईचं

गुरुजी, मी तुमच्याच घरात बसून हे लिहिते आहे. वरच्या खोलीत, जिथे निवृत्तीनंतर तुम्ही दुपारी पेपर वाचत बसायचात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खाली कोणी खोकलं की वाटतं, आता वर येऊन विचारणार, "काय बेटा, आज कोणावर संशय?" माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला तांड्यावर माहेरी आली होती. तिला घेऊन मी हिंगोलीत तुमच्या सूनबाईंकडे येऊन राहिले. दिवस भरत आल्यावर पोटुशी पोरगी घरातून उठवून गावात का आणली, असं भाभींनी एकदाही विचारलं नाही. मीच सांगायला लागले तर म्हणाल्या, "अब्बा सांगायचे ना तुझं. साखर गोड आहे म्हटलं तरी ही पोरगी आधी चाखून बघते." मला हसू आलं आणि थोडा रागही आला.

तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात ते अजून डोळ्यांसमोर आहे. धडा दोनदा वाचूनही आमच्या डोक्यात काही शिरेना. घरी आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, त्यात संघराज्य, संसदीय असले शब्द म्हणजे दगडच. मग तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, आजपासून सातवीचा वर्ग दिल्ली आणि सहावीचा वर्ग मुंबई. फळ्यावर खडूनं रेघा ओढल्यात. रेल्वे, पोस्ट, लष्कर दिल्लीकडे; पोलीस, दवाखाना, शेती मुंबईकडे; शाळा आणि जंगल दोघांचं मिळून. मी सातवीत, म्हणजे दिल्लीत. ज्याच्या मागे जास्त पोरं तो पंतप्रधान, आणि ती पोरं उठून दुसऱ्या बाकावर गेली की त्याची खुर्ची तिथेच गेली. आमचा एक पंतप्रधान मूठभर बोरांपायी पडला होता. वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी पोरगी तुम्ही राष्ट्रपती केलीत. सगळा कारभार तिच्या नावानं, आणि ती बिचारी मंत्र्यांनी लिहून दिलेलं वाचणार. मला ते तेव्हाच खटकलं. ज्याच्या नावानं चालतं त्याला कोणी विचारत नाही, यात काहीतरी गोम असणार. तुम्ही मला विरोधी पक्षनेता केलंत ते बहुधा म्हणूनच.

आणि तो रांजण. दोन वर्गांच्या मधल्या ओसरीत ठेवलेला, पाणी दोघांनी प्यायचं, भरायचा मात्र कोणी नाही. सहावी म्हणते दिल्लीचं काम, सातवी म्हणते मुंबईचं. दुपारपर्यंत सगळ्यांचे घसे कोरडे. मी मागच्या बाकावर कुजबुजत होते की हे सगळं गुरुजींचंच कारस्थान आहे, त्यांना पाणी ऑफिसात मिळतं. तुम्ही ऐकलंत. रागावलात, पण आवाज चढवला नाहीत. "संशय तर फुकटात येतो बेटा. प्रश्न विचारायचा तर उभं राहावं लागतं. ऊठ, अन् विचार." मी लाजेनं उठले नाही. मग तुम्ही दोन्ही वर्गांच्या मंत्र्यांना रांजणाशेजारी समोरासमोर बसवलंत आणि म्हणालात, बोट दाखवायचं असेल तर एकमेकांच्या तोंडावर दाखवा, पाठीमागे न्हाई. थोड्या वेळात एक घागर आणायला गेला आणि दुसरा गाळायला फडकं. तरी खरं सांगते, तुम्ही त्या दिवशी ऑफिसात पाणी प्यायलात की नाही, हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता तांड्याचं ऐका. आपलं जुनं रेल्वे फाटक बंद झालं आणि रुळाखालून भुयारी रस्ता झाला. आम्ही त्याला बोगदाच म्हणतो. झाला तेव्हा खासदार आले, त्यांनी नारळ फोडला. पुढच्या आठवड्यात आमदार आले, त्यांनीही फोडला. मग जिल्हा परिषदेचे सदस्य मागे कसे राहतील, तेही आले. आणि आमच्या तांड्याच्या नायकानं प्रत्येकाच्या गळ्यात हार घालून प्रत्येकाला तेच सांगितलं, "साहेब, हे तुमच्यामुळंच झालं." कोणालाच दुखवायचं नाही, ही तांड्याची रीत. प्रसाद वाटता वाटता मी नायकाला म्हटलं, काका, हा बोगदा नक्की कोणाचा? ते म्हणाले, "समद्यांचा हाय पोरी. आपल्याला काय करायचं?" तेव्हाच मला धस्स झालं. सगळ्यांचा म्हणजे रांजण.

झालंही तसंच. पावसाळ्यात शेतांतलं पाणी उतरून बोगद्यात शिरतं आणि छातीइतकं साठतं. अँब्युलन्स पलीकडे उभी राहते. अंगणवाडीताई म्हणून तांड्यावरच्या पोटुशा बायकांची नोंद माझ्याकडेच, त्यामुळे कोणाला बाजेवर घालून रुळावरून उचलून नेलं ते मी जवळून पाहिलंय. त्यात आता माझी स्वतःची लेक. तिचे दिवस ऐन पावसात भरणार होते. मी रेल्वेच्या इंजिनिअरकडे गेले. बोगद्याला ते बॉक्स म्हणतात. हिंदीत म्हणाले, "मॅडम, बॉक्स हमारा है, पानी तो बाहर का है." जिल्हा परिषदेत गेले. तिथले साहेब म्हणाले, "ताई, पाणी आमच्याकडून येऊन राहिलं हे बराबर. पण साठून राहिलं रेल्वेच्या हद्दीत. तिथं आमी टिकाव मारला तर आमच्यावरच केस हुईल." आमदारांच्या घरी सांगितलं, रेल्वे म्हणजे केंद्राचा विषय. खासदारांच्या माणसानं सांगितलं, राज्याकडून प्रस्ताव आला पाहिजे. प्रत्येक ठिकाणी चहा मात्र मिळाला. इतका आग्रहानं चहा पाजतात तेव्हा काम होणार नसतं, असं माझं मत आहे.

मग खासदारांनी लोकसभेत आमच्या बोगद्याचा प्रश्न मांडला. त्याचा व्हिडिओ सगळ्या तांड्याच्या मोबाइलवर फिरला, पोरांनी हलगी वाजवली. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, आणि मला फक्त त्यांच्या मागचे रिकामे बाक दिसले. पुढे लेखी उत्तर आलं. पाण्याचा निचरा हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावंच लागतं, हे तुम्ही शिकवलंत ते खरं निघालं. उत्तर दिलं की पाणीही उपसावं लागतं, असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात, आणि मीही विचारलं नव्हतं. लेक म्हणाली, "आई, निदान विचारलं तरी ना त्यांनी. तुला कोणाचंच कसं पटत न्हाई?"

यावेळी मात्र मी उठले. कलेक्टर ऑफिसात महिन्यातून एकदा लोकशाही दिन भरतो, तिथे अर्ज घेऊन उभी राहिले आणि एकच मागणी केली, दोन्ही खात्यांच्या साहेबांना एकाच वेळी बोगद्याजवळ आणा. मला वेगवेगळी उत्तरं नकोत. कलेक्टरसाहेबांनी जिल्हा परिषदेच्या साहेबांना तारीख सांगितली, आणि रेल्वेवाल्यांना विनंतीचं पत्र धाडलं. एकाला सांगायचं आणि दुसऱ्याला विनवायचं, इथेही तुमच्या फळ्यावरची रेघ होतीच. पण दोघे आले, गुरुजी. चिखलात समोरासमोर उभे राहिले. पाठीमागे जे इतकं सोपं जातं ते तोंडावर जमेना. शेवटी ठरलं. पंप रेल्वे बसवणार, नाली जिल्हा परिषद खोदणार, विजेचं कनेक्शन राज्याच्या कंपनीचं, आणि पंपाच्या खोलीची किल्ली आमच्या ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे. महिन्याभरात पंप बसलाही.

सगळा तांडा खूश, आणि मला झोप नाही. इतक्या जणांचा एक पंप चालणार कसा? वीज गेली तर रेल्वे म्हणणार आमचा दोष नाही, बिघडला तर शिपाई म्हणणार माझ्याकडे फक्त किल्ली. मी शिपायाला गाठलं. तो म्हणाला, "पाऊस आला की लावतो न ताई. काहून टेन्शन घेऊन राहिल्या?" त्याच्या त्या "लावतो न"वर माझ्या लेकीचा जीव टांगायचा का? मी गाठोडं बांधलं. आमच्या शेजारणीची सूनही त्याच दिवसांत होती. मी शेजारणीला म्हटलं, तुम्हीही निघा, माझ्यासोबत चला. ती म्हणाली, "आमचं कोण हाय हिंगोलीत? अन् पंप बसला की आता. तूच तर बसवलास." मी बसवला म्हणून तिचा भरवसा, आणि मला, बसवणारीला, तो नाही. मी तिला तिथेच सोडून आले.

काल सकाळी सरकारी दवाखान्यात माझी लेक सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. काल रात्रभर तांड्याकडे धो धो पाऊस होता, आणि आज दुपारी वॉर्डात गेले तर शेजारच्या खाटेवर ती सून झोपलेली, कुशीत लेकरू. शेजारीण हसत म्हणाली, "गाडी सरळ दारात आली. बोगद्यात घोटाभर पण पानी न्हाई." माझा विश्वास बसेना. मी विचारलं, पंप कोणी लावला? वीज होती का? ती म्हणाली, "कोनी का लावंना बाई. लागला ना?"

मी डबा न्यायला घरी आले आणि लिहीत बसले, भाभी खालून हाक मारताहेत. हे पत्र टाकायचं तर पत्ता याच घराचा घालावा लागेल, म्हणून राहू देते. एक तेवढं सांगते. शेजारीण बोलत होती तेव्हा मी खाटेशी वाकून तिच्या सुनेच्या लुगड्याचा काठ चाचपून पाहिला. चिखल नव्हता, कोरडा होता. मग पंपावरून मी शेजारणीशी पुष्कळ वेळ वाद घालत राहिले. त्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, हे मी अजून विचारलेलं नाही.