दम्याची पुडी

एकोडी

दादा,

तुले राग येईल, पण तू पाठवते त्या दम्याच्या पुड्या मी सोडल्या. पुडी घेतली का छाती मोकळी व्हायची अन् धानाचा रोवणा जमायचा, हे खरं. म्हणून तर आपण दोघं भाऊबहीण इतकी वर्षं खात राहिलो. माहं तोंड सुजलं, तं बाया म्हणत, "सत्यभामा भरली बाई!"

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं पुडी पाहिली. म्हणाली, "हे स्टेरॉइड आहे. दमा उसळला तर थोडे दिवस आम्हीही देतो. रोज खाल्लं तर तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात."

पुढचं न ऐकताच मी घरी आली अन् रागानं साऱ्या पुड्या बोडीच्या पाण्यात फेकल्या. दोन-चार दिवसांत धानाच्या बांधीतच चक्कर येऊन पडली. गोलूच्या बाबानं दवाखान्यात नेलं. बाई खूप रागावली. "एकदम बंद करायचं नसतं! शरीराला सवय झालेली असते. हळूहळू कमी करू."

आता तिच्याच गोळ्या थोड्या थोड्या कमी करून राहिली. सकाळ-संध्याकाळ तोंडात ओढायचा दम्याचा पंप घेतो. दम टिकते, दादा.

तुहंही तोंड सुजलं, असं रुपावहिनी सांगे. पण हे वाचून तूही माह्यासारखाच पुड्या फेकशील. मी ओळखतो तुले. म्हणून पत्र टाकत नाही. सकाळच्या गाडीनं मीच लाखनीले येतो. कितीही भांड, तुले भंडाऱ्याले नेल्याबिगर परतणार नाही.

तोवर खा ती पुडी.

तुही,
सत्यभामा