सोंगाड्याची मुलगी

लेस्टर, ८ मार्च १९८७

प्रिय बाबा,
सविनय जयभीम.

मी बरी आहे. थंडीचीही सवय होतेय. तुमचा खोकला कसा आहे?

‘मुलगी विलायतेत शिकते, आता जलशात सोंग काढणं शोभत नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. काल युनिव्हर्सिटीत एक म्हातारे अमेरिकन विनोदी नट आले होते. पन्नास वर्षांत विदूषकापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्या भूमिका केलेला माणूस. मी भरसभेत उठून सांगितलं, “माझे वडील जलशातले सोंगाडे आहेत. बाबासाहेबांचे विचार ते लोकांना हसवत हसवत पटवतात.”

ते म्हणाले, “मग ते माझ्यापेक्षा अवघड काम करतात.”

चौदा एप्रिलच्या जयंतीला तुम्हीच उभे राहा. आईला म्हणावं, ट्रंकेतलं लाल पागोटं धुऊन ठेव.

तुमची,
सुमेधा