पेटीत गेलेली पावती

ती. आक्कास, सांगलीहून धाकट्या विश्वजीतचा प्रभूच्या नावात सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला, साताऱ्याची थंडी आणि तुमच्या अंगणातला तो भांडखोर कोंबडा, सगळ्यांची खुशाली कळव. (फोनच करणार होतो; पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूलही करत नाहीस, म्हणून कागद घेतला.) आधी चांगली बातमी. तुझ्या भावजयीच्या, क्रांतीच्या गळ्यातली गाठ साधी निघाली, काळजीचं काही नाही. आता डोळे पूस आणि पुढचं वाच, कारण हा रिपोर्ट हातात येईपर्यंत तुझ्या भावाची जी शोभा झाली, ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेली बरी.

गाठीचा तुकडा तपासायला दिला सोमवारी आणि रिपोर्ट मिळणार होता शुक्रवारी. मधल्या दिवसांत मी कुपवाडच्या कारखान्यात लेथवर दोन जॉब, म्हणजे कातायला दिलेले दोन भाग, बिघडवले. (मालकांनी उलट चहा पाजला, तेव्हा तर माझी पाचावर धारण बसली.) क्रांती मात्र शांतपणे मटकी निवडत होती. बुधवारच्या प्रार्थनेत पाळकसाहेब म्हणाले, आपला भार चिठ्ठीवर लिहा, वेदीजवळच्या पेटीत टाका आणि मोकळे व्हा. महिनाअखेरीला चिठ्ठ्या न वाचता जाळून टाकू. माझ्या खिशात कागद एकच. त्याच्या पाठीमागं लिहिलं, घडी घातली, टाकला, आणि इतकं हलकं वाटलं की घरी येऊन चार चपात्या खाल्ल्या. शुक्रवारी क्रांतीनं मला धरूनच तपासणीच्या खिडकीवर नेलं. आतल्या मुलीनं पावती मागितली. मी सगळे खिसे चाचपले आणि मग माझ्या ध्यानात आलं की भाराबरोबर पावतीही चुकून प्रभूकडे जमा झाली आहे. पावतीशिवाय रिपोर्ट द्यायला ती मुलगी तयार नव्हती.

क्रांतीला बाकावर बसवून मी स्कूटर दामटत चर्चमध्ये गेलो. तिथं हरणाबाई. (त्या चर्च झाडतात आणि पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असते, त्यामुळं पाळकसाहेबसुद्धा त्यांना जरा वचकून असतात.) त्यांना वाटलं, माझा विश्वास डळमळला. "आवं, देवाला दिल्यालं कुनी परत मागाया येतं व्हय?" मी पावतीचं सांगितल्यावर लय हसल्या, पाळकसाहेबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पेटी उपडी केली. पावती शोधताना क्रांतीच्या अक्षरातली चिठ्ठी हाताला लागली. वाचायची नसते, मी वाचली. 'यांना धीर दे. माझं मी सोसते.' एवढंच होतं. आक्का, मी तिथंच फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो. हरणाबाईंनी पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग माझे, आणि पावती हातात कोंबून मला पिटाळलं.

रिपोर्ट क्रांतीनंच वाचला. मग तिनं शेजारच्या दुकानातून भडंग घेतलं आणि स्कूटरवर मागं बसून घरापर्यंत एकटीनं संपवलं. मला एक शेंगदाणासुद्धा दिला नाही. तिचं ते कुरकुरीत खाणं ऐकत गाडी चालवताना मला जे बरं वाटत होतं, ते लिहून सांगता येणार नाही.

दाजींना सलाम. कोंबड्यालाही, दुरूनच.

तुझा धाकटा,
विश्वजीत

ता. क. : येत्या रविवारी पाळकसाहेब मला साक्ष द्यायला उभं करणार आहेत, 'सगळा भार निश्चिंत मनानं प्रभूवर टाकणारा माणूस' म्हणून. तू शनिवारच्या एसटीनं ये आणि पहिल्या बाकावर बस. गुडघ्याची सबब चालणार नाही.

आणखी ता. क. : पावती चुकून पडली नव्हती. खिशात दुसरा कोरा कागद होता. रिपोर्ट आणायला जायचीच मला छाती नव्हती. (चौथीचं निकालपत्र मी पत्र्याखाली खुपसलं होतं, ते तुलाच सापडलं होतं.) क्रांतीनं माझ्यासाठी मागितलेला धीर मला त्या फरशीवर मिळाला, आणि तेच रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगायचं आहे. पण क्रांतीकडं बघून ते तोंडातून निघायचं नाही. तू समोर बस, मी तुझ्याकडं बघून सांगतो.