दोन स्क्वेअर, बाकी रांगा

आई, काल संध्याकाळी इथल्या यिशुन उपनगरातल्या एका हॉलमध्ये मी चक्क हॉलभर माणसं नाचवली, आणि आज सकाळी चहा गार झाला तरी मला एका जागी बसवत नाहीये. कॉन्ट्रा डान्स म्हणजे काय ते तुला कुठून माहीत असणार! दोन लांब रांगा समोरासमोर, आणि नाचता नाचता पुढच्या जोडीकडे सरकायचं. पुढची चाल माइकवरून कोणालातरी सांगावी लागते. काल पहिल्यांदाच ती मी सांगितली. त्यात स्क्वेअर घालायची माझी हौस. स्क्वेअर म्हणजे चार जोड्यांचा चौकोन. रांगेत नवखा चुकला तर पुढचा सांभाळून घेतो, चौकोनात एक चुकला की आठही जण अडकतात. मागच्या खेपेला तेच झालं. पुण्याहून आलेली एक पोस्टडॉक मुलगी चुकली, कोणीतरी हसलं, आणि ती पर्स उचलून निघून गेली. नाच भरवणारे अंकल इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत म्हणाले, "स्क्वेअर नो नीड लाह." मी हट्टाने दोन मागून घेतले. फसले तर पुन्हा नाव काढणार नाही, असं कबूल केलं आणि त्या मुलीला गळ घालून बोलावलं.

आठवडाभर सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये खुर्च्यांच्या जोड्या लावून मी नाच निवडत होते. "ममा, चेअर कॅनॉट टर्न लाह," लेक म्हणायची आणि तरी खुर्चीला गिरकी द्यायची. माझा लाडका स्क्वेअर, ज्यात सगळे एकदम सुटतात, तो आधी काढला. जीव तुटला, पण काढला. एक असा घेतला की एकच जोडी बाकीच्यांकडे पाळीपाळीने जाते, उरलेल्यांना बघायला वेळ मिळतो. दुसरा असा की कितीही गोंधळ झाला तरी मधेच सगळे आपापल्या जागी परततात. पण खरी भीती वेगळीच. स्क्वेअर म्हटला की जाणते जाणत्यांना गाठतात आणि नवख्यांचा चौकोन नवख्यांचाच उरतो. तिथे तू आठवलीस. मंगळागौर आहे, पलंग आत सरकवलाय, तू ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर येतेस. फुगडीसाठी मी मैत्रिणीचा हात घट्ट धरलाय. "मैत्रिणी शाळेत. इथे समोर येईल तिचा हात धरायचा," सगळ्यांदेखत तू मला झापतेस आणि शेजारच्या बुजलेल्या नव्या सुनेसमोर उभी करतेस. काय चिडले होते मी तुझ्यावर!

काल रांगेचा नाच संपला आणि कोणी हलायच्या आत मी ओरडले, जागा सोडू नका, चौघाचौघांनी शेजारच्या चौघांचे हात धरा, झाला स्क्वेअर! ती मुलगी थेट अंकलच्या चौकोनात. पहिला नीट पार पडला. दुसऱ्यात ती चुकली, तिच्यामागोमाग अंकलही चुकले, मी "गो होम, गो होम" ओरडत राहिले, सगळे धापा टाकत जागेवर पोचले आणि ती इतकी हसली, आई! "ताई, अजून एक लावा ना." अंकलनी मान हलवली, "वन मोर, कॅन."

तोच पुन्हा लावला. तेवढ्यात एकजण एमआरटीची ट्रेन गाठायला निघून गेला होता आणि त्याची जोडीदार एकटीच उभी होती. मी माइकसकट तिथे घुसले.

तू गेलीस, हे पत्र आता कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून खरं ते लिहिते. त्या रिकाम्या जागेत मला तू दिसलीस, असं लिहायचा मोह झाला होता. नाही दिसलीस. मला नाचायचं होतं, आणि तो सगळा नाच संपेपर्यंत मला तुझी आठवणसुद्धा आली नाही.